न पडलेली ठिणगी

पायाखालचं बटण दाबलं की आधी गॅस सुस्कारा टाकतो, मग यंत्राच्या पेटीत खट्ट वाजतं, आणि लगेच वेल्डिंगच्या टॉर्चच्या टोकावरून जोडायच्या धातूवर निळी ठिणगी तडतडत उडी घेते. तिच्या पाठोपाठ झोत. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला शेड टाकल्यापासून हा क्रम जानरावाच्या अंगात इतका मुरला होता, की खट्ट ऐकलं की त्याचा श्वास आपोआप थांबायचा. आज गॅस सुटला, खट्टही वाजलं, आणि पुढे काहीच झालं नाही. काळ्या काचेच्या मुखवट्याआड तो श्वास धरून उभा राहिला. शिंक येता येता राहावी तसं झालं. त्यानं पाय उचलला, पुन्हा दाबला. सुस्कारा, खट्ट, अंधार. त्या अंधारात त्याला पहिल्यांदा जाणवलं ते यंत्र बिघडल्याचं नव्हे, तर उजव्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत केस उभे राहिल्याचं. म्हणजे हाताला त्याच्या आधी कळलं होतं. बाहेरचं सगळं तपासून झालं आणि तरी ठिणगी पडली नाही, तर शेवटी पेटी उघडावी लागणार, हे त्या हाताला आत्ताच, या क्षणाला ठाऊक झालं होतं.

मुखवटा वर केला तेव्हा दारातल्या स्टुलावर वामनराव कंपाउंडर बसलेलाच होता. मांडीवर ट्रान्झिस्टर, पायाशी सायकल, आणि समोर लोखंडी टेबलावर त्यानं आणलेलं ॲल्युमिनियमचं जाड भांडं. डॉक्टरांची औजारं वाफेवर उकळायचं भांडं होतं ते. झाकण आवळायच्या स्क्रूचा एक कान मुळापासून तुटला होता. कान नाही म्हणजे झाकण बसत नाही, झाकण बसत नाही म्हणजे वाफ धरत नाही, आणि उद्या सकाळपासून गावात मोतीबिंदूचं शिबिर. ॲल्युमिनियम जोडणारी आर्गनची मशीन आसपासच्या दोन-तीन तालुक्यांत जानरावाकडेच होती, म्हणून वामनराव दुपारचं जेवण टाकून आला होता.

"काय झालं, जानरावभाऊ? पेटून नाही राह्यली काय?"

"पेटन. दम धर."

"दम मी धरतो हो, पर त्या धर्मशाळेत म्हातारे-म्हाताऱ्या आतापासूनच गठुडे घेऊन येऊन बसल्या. एक बुढी तं मलेच डाक्टर समजून पाया पडली. म्हने, लेका, नातवाचं तोंड पाह्यचं हाय. आता तिले काय सांगू, भांड्याचा कान तुटला म्हनून?"

जानराव हसला नाही. लोखंड असतं तर टोक घासून झोत पेटवून घेतला असता. ॲल्युमिनियमला ते चालत नाही. तरी त्यानं करून पाहिलं. टॉर्चमधली टंगस्टनची सळई भांड्याला चिकटली, टोकाला काळा गोळा धरला, आणि भांड्यावर एक घाणेरडा डाग तेवढा उठला. या धातूला ठिणगी पहिल्यापासून शेवटपर्यंत लागते, तिनंच धातूवरची सायीसारखी पापुद्री फोडायची आणि झोत विझू द्यायचा नाही. त्यानं सळई काढली, सहाणेवर फिरवून टोक स्वच्छ केलं, बसवली, आणि मुखवटा न लावताच बटण दाबलं. ठिणगी पडली नाही. पण वामनरावाच्या मांडीवरचा ट्रान्झिस्टर एकदम खरखरायला लागला. बाजारभाव सांगणारा माणूस त्या खरखरीत बुडून गेला. पाय उचलला, माणूस परत वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा बुडाला.

"तुह्या मशीननं माह्या रेडूची वाट लावली," वामनराव म्हणाला.

जानरावाला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. शेजारपाजारच्यांनी या खरखरीवरून त्याला कमी शिव्या दिल्या नव्हत्या. तो काम करत असला की अर्ध्या आळीचे रेडिओ घसा बसल्यासारखे बोलत. ती खरखर म्हणजेच ठिणगी. रेडिओ गप्प राहिला असता तर ठिणगी जन्मतच नाही असं म्हणता आलं असतं. मग ते मोठं दुखणं, कंपनीला कळवा, मुंबईचा मेकॅनिक येईल तेव्हा येईल, असं तोंड वर करून सांगता आलं असतं. पण ठिणगी जन्मत होती, चांगली जोरात जन्मत होती. पेटीतून टॉर्चपर्यंत येता येता वाटेत कुठेतरी गळत होती. आणि गळती शोधणं हे मुंबईच्या माणसाचं काम नव्हे, ज्याची मशीन त्याचं.

भुसावळला ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, तो म्हणायचा की ही ठिणगी घरातल्या नव्या सुनेपेक्षा नखरेल; पाणी दिसलं तिकडे जाते, लोखंड दिसलं तिकडे जाते, फक्त सांगितलं तिकडे जात नाही. म्हणून जानरावानं आधी टेबलावर पडलेली टॉर्चची केबल उचलून लाकडी खुंटीला टांगली, कारण केबल लोखंडावर वेटोळं घालून पडली की ठिणगी तिथेच जिरते. टॉर्चचं तोंड उघडून पुसलं, फुंकर घालून ओल नाही ना ते पाहिलं. भांड्याला लावायचा चिमटा काढून कानशीनं घासला. हवेत सरकी काढायच्या जिनांतून उडालेले कापसाचे तंतू तरंगत होते, ते टॉर्चच्या कपात जाऊन बसतात, तेही काढले. प्रत्येक गोष्टीनंतर बटण. प्रत्येक वेळी वामनरावाचा रेडिओ बुडायचा आणि टोक थंडच राहायचं. जानरावाला घाम फुटला होता, आणि मार्गशीर्षातल्या थंडीत घाम फुटलेला माणूस बघून वामनरावाला काय वाटेल याचा त्याला आणखी घाम फुटला. तो बादली घेऊन मागच्या अंगणात गेला. तिथे जमिनीत अर्थिंगचा पाइप पुरला होता; मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात पाणी ओतलं की यंत्राला जमीन नीट धरते. एक बादली पुरे होती. त्यानं दुसरी ओतली, तिसरी भरायला लागला, आणि हौदाशी वाकलेला असताना आपण काय करतो आहोत हे त्याचं त्यालाच दिसलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रेडिओनं जागा सांगितली होती. तो अंगण भिजवत होता, कारण अंगण भिजवायला भीती वाटत नव्हती.

गेल्या जेठातली गोष्ट. ठिणगी पाडणारे पेटीतले दोन बिंदू जळून खडबडीत झाले होते, ते घासायला म्हणून त्यानं बाजूचा पत्रा काढला होता. मेन पाडला होता. ही गोष्ट तो आजही स्वतःला शपथेवर सांगायचा, की मेन पाडला होता. पण वीज साठवून धरणारा एक डबा असतो आत, तो मेन पाडल्यावरही भरलेला राहतो. उस्तादानं ते सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकलंही होतं. हात आत गेला आणि मग मधलं काहीच आठवत नाही. आठवतं ते भिंतीशी पडलेलं स्वतःचं अंग, नाकाशी फोडलेल्या कांद्याचा वास, आणि तोंडावर वाकलेली त्याची बायको मनकर्णा. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसताच आवाज निघत होता. देऊळघाटच्या बागायतदाराची ती मुलगी, मळ्यात साप निघाला तर काठी घेऊन पुढे होणारी. ती अशी घाबरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. उजवा हात पोळ्यापर्यंत बधिर राहिला. मग हात परत आला, काम सुरू झालं, गिऱ्हाइकं आली. सगळं पहिल्यासारखं झालं असं सगळ्यांना वाटलं. पत्र्याच्या चार स्क्रूंपैकी त्यानं दोनच बसवले, आणि तेही दोन बोटांनी कसेबसे, कारण चारही बसवेपर्यंत पेटीजवळ उभं राहवेना. त्या बाजूने जाताना तो टेबलाला वळसा घालून जायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याचं लोकांना हसू येतं. पण ज्याचा धंदाच दुधाचा आहे त्यानं काय करायचं? वेल्डिंगवाल्यानं मशीनला भ्यावं ही गोष्ट जानराव कुणापाशी बोलला नव्हता. मनकर्णापाशी तर मुळीच नाही.

तो आत आला तेव्हा ती चहा घेऊन उभी होती. वामनरावाला कप दिला, यानं घ्यावा म्हणून दुसरा पुढे केला, आणि तिची नजर पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर गेली.

"काय झालं?"

"अंदर काहीतरी हाय. खोलून पाहा लागते."

"उघडू नका." कप तिनं टेबलावर इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला.

"अवं, साधं—"

"उघडू नका म्हनते नं मी. मुंबईवाल्याले बलवा. नाही तं राहू द्या हे काम. दुनियेत दुसरे भांडे नाहीत काय डाक्टरले?"

वामनराव कपात बघत बसला. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं वय त्याचं राहिलं नव्हतं. जानरावाला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर आनंद झाला. बायकोनं अडवलं म्हणून उघडलं नाही. यात कमीपणा कुठे आहे? गावात कुणीही मान डोलावली असती. तो तोंड उघडून तसं म्हणणारच होता. पण समोर टेबलावर ते कान तुटलेलं भांडं होतं, आणि त्याला धर्मशाळेतली, पाया पडायला पाय चाचपडत शोधणारी ती म्हातारी दिसली. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचं वर्ष दिसलं. त्याच्या पुढचंही. प्रत्येक बिघाडाला मुंबईची वाट बघणारा, पेटीला वळसा घालून जाणारा, हळूहळू नुसती लोखंडाची फाटकं जोडत म्हातारा होणारा एक माणूस. आपल्या सुटल्याच्या आनंदाची त्याला शिसारी आली.

"तू घरात जाय," तो म्हणाला.

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

त्यानं भिंतीवरचा मेन खाली ओढला. पेटीच्या तोंडावरचा लाल दिवा विझला. तो विझला म्हणजे आत नवी वीज येत नाही. जुनीचं काय, ती आतच बसून असते. त्यानं पोळ्या उलटायच्या सराट्याएवढा लांब, मुठीला रबर चढवलेला पेचकस घेतला, दोन स्क्रू काढले, ते अर्धे सैलच होते, आणि पत्रा बाजूला ठेवला. डावा हात पायजम्याच्या खिशात घातला. उस्तादाची ही रीतच होती, पेटीत एकच हात जाईल, दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले की विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायला छातीतून सरळ वाट मिळते. उजवा हात पेटीच्या तोंडाशी येऊन अडला. लपवायला आता काही उरलं नव्हतं, वामनराव बघत होता, ती बघत होती. पेचकसाचं टोक त्यानं डब्याच्या दोन टोकांना टेकवलं. फट्ट करून आवाज झाला आणि त्याच्या तोंडून 'आई' निघालं. बस, तेवढंच. वीज गेली होती, आणि तो उभा होता.

मग त्यानं बॅटरी लावून आत पाहिलं, आणि बराच वेळ त्याला काय दिसतं आहे ते कळलंच नाही. वेटोळ्यातून निघालेली जाड केबल वीज अडवणाऱ्या ज्या काळ्या पट्टीवरच्या बोल्टला लागते, तिथे, अगदी बोल्टाखाली, केबलला काळा दोरा बांधलेला होता. दोऱ्यात बिब्बा ओवलेला. नजर लागू नये म्हणून पाळण्याला बांधतात, दुकानाच्या दाराला बांधतात, तसाच. यंत्राच्या गरमीनं बिब्बा फुटला होता, त्याचं कातडीवर फोड उठवणारं काळं तेल पट्टीवरून पाझरत खाली लोखंडी पेटीपर्यंत गेलं होतं, आणि ठिणगीला आयती वाट सापडली होती. त्या वाटेवर जळून जळून कोळशाची बारीक रेघ पडली होती. टॉर्चपर्यंत जायचे कष्ट ती कशाला घेणार?

त्यानं मान वळवली. चौकटीत कुणी नव्हतं.

"सापडलं काय?" वामनरावानं विचारलं.

"सापडलं. कचरा होता."

दोरा कापून बिब्बा त्यानं कागदात गुंडाळून खिशात टाकला. पट्टीवरची रेघ चाकूनं खरवडली, स्वच्छ काळी पट्टी दिसेपर्यंत, आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसून कोरडी केली. पोळ्यानंतर मनकर्णाची बोटं फोडांनी भरली होती, तवा लागला म्हणाली होती. तवा दोन्ही हातांच्या बोटांना कसा लागतो, हे त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं. त्याला राग आला होता, लाज वाटत होती, आणि हसूही येत होतं, सगळं एकदम. पत्रा बसवला, या वेळी चारही स्क्रू, आणि मेन चढवला. बटण दाबलं. सुस्कारा, खट्ट, आणि निळी ठिणगी तडतडत भांड्यावर उतरली. वामनरावाचा बाजारभाव बुडाला तो बुडालाच.

मुखवट्याच्या काचेत आता फक्त तो हिरवट डोह होता, ॲल्युमिनियमचा. त्याला उजव्या हातानं पुढे न्यायचं आणि डाव्या हातानं तार पाजायची. दोन्ही हातांचं काम. दोन्ही हात गुंतलेले असताना त्याच्या मनात सहज आलं की गाठ एका हातानं बांधता येत नाही. हात चालतच राहिले. काळा दोरा, दोन फेरे, निरगाठ. बारीक दोरा, त्याला तर दोन्ही हातांची बोटं लागतात, आणि तोंड जवळ न्यावं लागतं. त्या बोल्टाच्या वर वीतभर अंतरावर मेनच्या वायरी येऊन पितळी पट्ट्यांना लागतात, उघड्या. बोटांची पेरं तिथून जाणार. तिचा पदर तिथून जाणार. डोह किंचित थरथरला, त्यानं तो सांभाळला. भरलेला डबा असतो हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. पण निदान मेन? मेन तरी पाडला असेल ना? असेल. नसायला काय झालं? कान भरत आला होता. एवढा सरळ टाका त्याच्या हातून कित्येक दिवसांत पडला नव्हता, आणि त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं.

वामनराव भांडं पोत्यात गुंडाळून, दोन-चार आशीर्वाद देऊन गेला. सायकल रेल्वे फाटकाकडे वळली. जानरावानं आत हाक मारली.

ती आली, आणि त्याच्या हातातला कागद बघून दोन पावलांवर थांबली.

"हे तुनं बांधलं?"

"हाव."

"काऊन वं?"

"काऊन म्हंजे? तुमी त्या डब्याले भेऊन राह्यले होते. रोज पाहे मी. इकडून जा लागलं तं तिकडून जात होते. रात्री हात दाबून धरत होते झोपीत." ती खाली बघत बोलत होती. "मानूस भेते, पर बोलत नाही, तं त्याच्यासाठी कोनी काही करावं की नाही?"

त्याला वाटलं होतं की कुणाला कळलं नाही. सहा महिने त्यानं एवढी मेहनत घेतली होती लपवायला. तो स्टुलावर बसला.

"पत्रा कशानं उकलला?"

"पोया उलटाच्या सराट्यानं. ढिलेच होते ते."

"आन् मेन? मेन पाडला होता नं?"

"मेन कोनता?"

त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं.

"त्याले मी कायले हात लावू?" ती जरा दुखावून म्हणाली. "तुमीच तं सांगतलं, बोर्डाले हात लावाचा नाही म्हनून. मी नाही लावला. देवाशपथ."

जानरावानं पुन्हा एकदा बोर्डाकडे पाहिलं. तरीही आशेला एक जागा उरली आहे असं त्याला वाटत होतं. त्या दिवशी दुपारी वीज गेलेली असेल. आपण आंघोळीला जाताना मेन पाडून गेलो असू. असं घडलेलं असू शकतं.

"अंदर तं अंधार असन," तो म्हणाला. "तुले दोरा बांधता कसा आला?"

"अंधार कायचा?" ती म्हणाली. "तो लाल दिवा लागून राह्यला होता नं. त्याच्याच उजेडात बांधला मी. चांगलं दिसे."

बसल्या जागेवरून त्यानं तिचे हात ओढून घेतले आणि ते दोन्ही उलटेसुलटे करून पाहिले, आत्ताच काही झालं असावं तसे. फोडांचे डाग अजून गेले नव्हते. तिला काही कळेना. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनाकडे चालल्या होत्या, गाडीवान इकडे बघत होते, आणि ती हात सोडवू बघत होती. मग तो उठला, तिला धरून बोर्डापाशी नेलं, आणि तिचा हात मेनच्या दांड्याच्या दिशेनं पुढे केला.

"लाव हात."

"नाही बा. तुमीच म्हनता—"

"आता म्हनतो, लाव. खाली वढ."

तिनं डोळे मिटून, दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. पेटीवरचा दिवा गेला, पंखा घरघरत घरघरत थांबला. शेडमध्ये इतकं शांत झालं की शेजारच्या घरातला रेडिओ स्पष्ट ऐकू यायला लागला.

"आता?" तिनं डोळे उघडून विचारलं.

त्याला पुढचं सांगायचं होतं. डब्याचं, पेचकसाचं, खिशातल्या हाताचं, सगळं नीट सांगायचं होतं. पण त्याला रडू आलं होतं, आणि ते काही केल्या थांबत नव्हतं.